वाऱ्यानं आलेला दवणा

आमच्या घरात दवणा नाकाशी धरायचा नाही. रोप लावल्यापासून चैत्रात पहिली जुडी जोतिबाच्या पायाशी जाईपर्यंत तो देवाचा. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही हे तुमच्याकडेही पाळत असतील, पण ते पूजेच्या ताटापुरतं. आमच्या ह्यांच्या घराण्यात अख्ख्या रानाला हा नियम. खुरपायचं, पाणी द्यायचं, दिवसभर त्या चंदेरी पाल्यात वाकून राहायचं, आणि हात काही नाकापर्यंत न्यायचा नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी सासऱ्यांना विचारलं होतं, की मामंजी, रानात नुसतं उभं राहिलं तरी वास येतोच, त्याचं काय करायचं? सासरे म्हणाले, "वाऱ्यानं आला तर येऊ द्यावा. तो देवानं धाडला. आपण होऊन घ्यायचा नाही, एवढंच." मी विज्ञानाची शिक्षिका. हवेत वास कसा पसरतो हे मी पोरांना अत्तराची बाटली उघडून दाखवणारी. हसू दाबलं आणि मान डोलावली.

आमचं गाव दिवेमाळ. पुरंदरच्या पठारावर, एका अंगाला अंजिराच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला दवण्याची रानं. मी उज्ज्वला कामठे, निवृत्त झाले तरी गावाची 'बाई'च. आमचे हे म्हणजे हिरामण कामठे. तेही मला बाईच म्हणतात. थट्टेत सुरू झालं आणि तेच नाव पडलं. लेक नाशकात संसारात, त्यामुळं घरात आम्ही दोघं, आणि भांडायला तेवढी माणसं पुरतात.

चैत्राची यात्रा झाली की आमची भट्टी पेटते आणि दवण्याचं तेल निघतं. ह्या तेलाला एक खोड आहे. बाटलीत ते सगळ्यांना सारखं, पण अंगाला लावलं की ज्याचं त्याचं वेगळं. ह्यांच्या मनगटावर ओल्या तंबाखूसारखं, सासूबाईंच्या मनगटावर उकळत्या चहासारखं. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात ह्यांनी माझ्या मनगटावर तेलाचं बोट ओढलं, हुंगलं आणि म्हणाले, "अंजीर. पिकून फुटलेलं." दुसरी एखादी लाजली असती. मी म्हणाले, असं का होतं, कारण सांगा. हे म्हणाले, "बाई, तू शाळेत जा."

कारण पुढं कळलं, आणि ते कळायला जगाला बरीच वर्षं लागली. दवण्याच्या तेलात मुख्य द्रव्य दवणोन. पंधरा कार्बनची साखळी, मध्ये एक कडं, शिवाय आजूबाजूला त्याची बरीच भावंडं. हे सगळं कातडीवर पडलं की तिथल्या तेलकटपणात मुरतं आणि कातडीवरचे जिवाणू त्याला कुरतडायला लागतात. कुणाचं तेलकट कसं आणि कुणाचे जिवाणू कोणते, ह्यावर कुठला तुकडा हवेत आधी उडेल ते ठरतं. म्हणजे दवणा माणसाच्या अंगावर वास सोडत नाही, माणूस वाचून दाखवतो. आणि एखाद्या आजारानं कातडीचं तेलकट बदललं, की वाचनही बदलतं. हा आजार अजून हातात उतरलेला नसतो, चालीत उतरलेला नसतो, वैद्याला दिसलेला नसतो. दवण्याला दिसलेला असतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रानाच्या बांधावर जाऊन बराच वेळ नुसती उभी राहिले. इतकी वर्षं आपण ज्याला खुरपत होतो ते झुडूप आपल्याला वाचत होतं.

हे समजावून सांगणारी म्हणजे आमची भाची ईश्वरी, माझ्या नणंदेची मुलगी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर. ती आणि तिच्या सोबत्यांनी ह्यावर एक पट्टी काढली. मनगटाला चिकटवायची, तिच्यात दवण्याच्या तेलाचा थेंब. थोड्या वेळानं काढून लहानशा यंत्रात घातली की ते यंत्र वास वाचतं आणि कंपवाताची चाहूल सांगतं, हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी.

बघता बघता पट्टी सगळीकडे झाली. लोक काय, लोकच. वर्षभरात स्थळं बघताना पत्रिकेच्या आधी पट्टी मागायला लागले. आमच्या शेजारच्या कौतिकबाईंनी नातवाचं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलीच्या बापाची पट्टी वाईट. मी तिला म्हणाले, तुझ्या नवऱ्याची पट्टी काढली असती तर तू ह्या गावात दिसली नसतीस. महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

दिवाळी झाली आणि ईश्वरीनं आमच्या शाळेत शिबिर लावलं. सगळं गाव आलं. मीही पट्टी लावून घेतली, भाचीचा मान म्हणून. पण लावतानाच तिला सांगितलं, "माझं काय निघेल ते मला सांगायचं नाही. वाईट निघालं तर उरलेलं आयुष्य त्याच्याकडे बघत बसावं लागेल, आणि चांगलं निघालं तर मी तशीही चांगलीच आहे."

"तसा हक्क आहे तुम्हाला, मामी," ती म्हणाली. "पण एकदा नको म्हटलंत की मी स्वतःहून सांगू शकत नाही. नियम आहे."

"नियमच पाळ," मी म्हणाले.

ह्यांचं मात्र सांगितलं. ह्यांना हवंच होतं. ईश्वरीनं ओसरीवर बसून ह्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की मामा, चाहूल आहे, आणि अगदी लवकरचीही नाही. ह्यांनी दुसरा हात पालथा करून बघितला. मग म्हणाले, "पूजेत पळीतलं पाणी सांडतं ते म्हणूनच म्हणायचं." मला हे ठाऊक नव्हतं. पळीतलं पाणी सांडतं म्हणून ह्यांनी महिन्यापूर्वी पूजा माझ्यावर सोपवली होती आणि कारण सांगितलं होतं, रानात काम फार आहे.

"औषध आहे," ईश्वरी म्हणाली. "नवीन आहे. चाचणी चालू आहे, त्यात मामांना घेते. पण वेळ फार नाही. उन्हाळ्याच्या आत लागू पडलं तर पडलं. त्यानंतर आतली मुळंच मरतात, मग कशाचा उपयोग नाही."

औषध कसं चालतं ते मी तिला उलटसुलट विचारून घेतलं. मेंदू सगळ्या बाजूंनी कवटीत बंद आहे. त्याची एकच खिडकी थेट हवेला उघडी, ती नाकात वरती. तिथल्या वासाच्या तंतूंची एक नवलाई आहे, ते मरतात आणि पुन्हा उगवतात, जन्मभर. अंगातले बाकीचे बहुतेक तंतू एकदा गेले की गेले. कंपवात पुष्कळदा ह्याच खिडकीतून आत शिरतो, म्हणून हात थरथरायच्या कितीतरी आधी वास जातो. ईश्वरीच्या लोकांनी दवणोनमध्ये थोडा फेरफार करून असं द्रव्य बनवलं, की जे त्या खिडकीतल्या बीजपेशींना जागं करतं. तंतू नव्यानं फुटले की त्यांच्या वाटेनं आतही दुरुस्ती सुरू होते, असा त्यांचा हिशेब. सकाळ-संध्याकाळ कापसावर चार थेंब घालून हुंगायचे, एवढाच उपचार.

"ह्यात दवणा आहे?" ह्यांनी बाटली हातात फिरवत विचारलं.

"दवण्यातूनच काढलंय, मामा. तुमच्याच पठारावरच्या," ईश्वरी अभिमानानं म्हणाली.

ह्यांनी मान डोलावली आणि बाटली कपाळाला लावली. आम्हा दोघींना ते गोड वाटलं. आम्ही दोघी शिकलेल्या, आमच्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

तेव्हा मार्गशीर्ष लागला होता आणि रानात रोपं लावून झाली होती.

बाटलीचं बूच शहाणं होतं. उघडलं की पुण्याला आपोआप कळायचं. ईश्वरी रोज बघायची, मामा वेळेवर बाटली उघडतात. मीही विचारायची, "थेंब काढले का?" हे म्हणायचे, "काढले." खोटं बोलण्याची ह्यांना सवय नाही, त्यामुळं प्रश्नच नव्हता. तरी पौषात ईश्वरी नवी पट्टी घेऊन गेली आणि फोनवर तिचा आवाज पडलेला होता. औषध लागू पडत नव्हतं. मामांनाच नाही, फारसं कुणालाच नाही. संस्थेत वरची माणसं चाचणी बंद करायच्या गोष्टी बोलत होती.

मी ते ह्यांना सांगितलं नाही. ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आता बोटांवर विडी वळल्यासारखा फिरायला लागला होता. मी बघते आहे हे दिसलं की हे हात खिशात घालायचे. मग मी स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटायची. तेवढंच माझ्या हातात होतं. अडतीस वर्षं ज्या माणसाशी भांडले तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू जाणार आणि मी काही करू शकत नाही, ह्याची मला भयंकर चीड आली होती. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून देवासकट सगळ्यांवर. तरी दिवा मात्र लावत होते. ह्यांनी सोपवलेली पूजा, ती चुकवायची नाही.

आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलाच एक कोनाडा. समोर तांब्याचं ताम्हन, शेजारी नंदादीप. दिवसभर तेवत असतो. मी तिथंच खाली बसून भाजी निवडायची, वाचायची, दुपारी पाठ टेकायची. ताम्हनात पाणी असायचं, ते मी सकाळी तुळशीला घालायची. कधी कधी त्यावर किंचित तवंग दिसायचा. मी म्हणायची, दिव्याचं तेल उडालं असेल.

माघातली एक दुपार. मी मेथी निवडत बसले होते. एकाएकी वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं तर कुणी नाही. दोरीवर ह्यांचा टॉवेल वाळत होता. पण ह्यांच्या अंगाचा वास खोलीत होता, रानातून आल्यावर येतो तसा, माती आणि घाम. मी उठून टॉवेलापाशी गेले. तो त्यातून येत होता.

परत येऊन बसले तर मेथी. हातातल्या मेथीला वास होता. कडवट, हिरवा, ओला. मी ती जुडी तोंडावर धरून बसले. मग उठले आणि हिंगाची डबी उघडली. अशी शिंक आली की डबी हातातून पडली आणि मी खाली बसून रडायला लागले, आणि रडता रडता हसत होते. बरं झालं घरात कुणी नव्हतं.

मग मी घर हुंगत सुटले. ते कसं सांगू तुम्हाला. गोधडीला उन्हाचा वास होता. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, शाळेतून आणलेल्या खडूच्या खोक्यात शाळा होती, सगळ्या वर्गांसकट. ट्रंकेच्या तळाशी माझ्या आईचं लुगडं होतं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी घडी उलगडली, नाक खुपसलं आणि आई होती. आठवण नाही हो, आईच. तिची शिकेकाई, तिचा खोबरेल तेलाचा हात, ती रागावली की यायचा तो चुलीच्या धुराचा वास. मी जमिनीवर बसून राहिले. ह्या घरात इतकं सगळं राहत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा कुठं डोक्यात आलं. पत्ता नव्हता, म्हणजे वास गेला होता. माझा. कधी गेला ते कळलंच नाही. दिसेनासं झालं की माणूस ठेचकाळतं, ऐकू येईनासं झालं की लोक ओरडून बोलतात. वास गेला तर कुणी काही म्हणत नाही. दूध करपलं एवढंच म्हणतात, आणि मी म्हणायची, तुमच्या जिभेला हाड नाही. आणि दवण्याच्या गावात राहून मला शंका यावी तरी कशी? वर्षातले निम्मे महिने आमच्याकडे दवणा हुंगायचाच नसतो, आणि उरलेले महिने भट्टीच्या वासानं माणूस इतकं विटतं, की नाही आला तर बरंच वाटतं.

मी ईश्वरीला फोन लावला आणि सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मामी," ती म्हणाली, "मी निघालेय. घरातली एकही वस्तू हलवू नका. दिवासुद्धा."

ती आली ती दारातूनच यंत्र उघडत. हे यंत्र हवेतला वास वाचायचं. ती ते ओसरीवर फिरवत राहिली, माजघरात फिरवलं, काही नाही. स्वयंपाकघरात शिरली आणि पडद्यावरची रेघ उठली. देवघराशी नेलं तेव्हा रेघ वर जाऊन टेकली. ईश्वरी ताम्हनावर वाकली. तिनं त्यातलं पाणी कुपीत घेतलं, ताम्हनाच्या काठावरचा हिरवट डाग कापसानं पुसून घेतला.

तेवढ्यात हे रानातून आले. ताम्हनाशी भाची, भाचीच्या हातात यंत्र, आणि मी रडून सुजलेली. हे दारातच थांबले.

"मामा," ईश्वरीनं विचारलं, "थेंब कुठं जात होते?"

"देवाला," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दवणाच आहे ना तो. तूच म्हणालीस. चैत्र व्हायच्या आधी मी कसा हुंगू? रोज बाटली उघडायची, चार थेंब ताम्हनात सोडायचे. उघडत होतो का नाही, विचार तुझ्या बुचाला. चैत्र झाला की घेणारच होतो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यातलं बरंचसं सासरच्या चार पिढ्यांबद्दल होतं. उन्हाळ्यापर्यंतची मुदत, त्यातला अख्खा हिवाळा ह्या माणसानं पाण्यात सोडला होता, शब्दशः. हे खाली मान घालून ऐकत होते. ईश्वरीनं माझा दंड धरला.

"मामी, थांबा. आता तुमची पट्टी लावू द्या."

लावली. यंत्रात घातली. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मामी, तुम्ही मला सांगू नकोस म्हणाला होतात. आता सांगू का? विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही."

मी पदरानं डोळे पुसले. "सांग," मी म्हणाले.

"दिवाळीनंतरच्या शिबिरात तुमची पट्टी मामांच्या पट्टीपेक्षा वाईट होती. खूप वाईट. मी तेव्हापासून नीट झोपले नाहीये. दर वेळी इथं आले की तुमच्याकडे बघवायचं नाही." ती रडत होती आणि यंत्र माझ्याकडे वळवत होती. "आणि ही आजची. बघा. निवळलीय, मामी. अजून पूर्ण नाही, पण निवळलीय. असं कुणाचंच झालेलं नाही. अख्ख्या चाचणीत कुणाचंच नाही."

हे हळूच पायरीवर बसले. ह्यांचा अंगठा फिरत होता आणि आज ह्यांनी हात खिशात घातला नाही. माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मला माझं मघाचं सगळं बोलणं परत घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, पण वाटलं.

चार दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं. संस्थेतले लोक ते औषध जिवापाड जपत होते. हवा लागू द्यायची नाही, ऊब लागू द्यायची नाही, धातूला शिवू द्यायचं नाही, कारण तसं झालं की ते बिघडतं. आमच्या देवघरात त्याला तिन्ही गोष्टी मिळाल्या. तांब्याचं ताम्हन, नंदादीपाची मंद ऊब आणि मोकळी हवा. पाण्यावर तवंग पसरायचा, तांब्याच्या संगतीत हवेतला प्राणवायू त्याला जोडला जायचा आणि द्रव्याचं रूप बदलायचं. हे बदललेलं द्रव्य सावकाश उडतं, दिवसभर थोडं थोडं. एकदम हुंगलेल्या चार थेंबांना नाक दाराशीच अडवत होतं. हे मात्र श्वासासोबत चोरपावलांनी जाऊन त्या खिडकीपाशी बसत होतं. बिघडलेलं औषधच खरं औषध होतं.

संस्थेनं तांब्याचे तुकडे, दिवे, बशा मांडून धडाधड नव्यानं सगळं सुरू केलं. जिथं जिथं चाचणी चालू होती तिथं निरोप गेले. पण मला जगाशी काय करायचं होतं? मला एका माणसाशी मतलब. ईश्वरी म्हणाली होती, की मामांसाठी आता एकेक आठवडा मोलाचा आहे.

"बसा," मी ह्यांना म्हणाले. "ताम्हनासमोर पाट मांडलाय. आजपासून इथं बसायचं आणि श्वास घ्यायचा."

"चैत्र होऊ दे, बाई."

"चैत्राला दीड महिना आहे."

"असू दे. माझ्या बानं पाळलं, आज्यानं पाळलं. तुझं देवानं बघितलं ना? मग माझंही बघेल."

"अहो, तुमचा हात बघा."

"बघतोय," हे म्हणाले. "हात थरथरायला लागला म्हणून शब्द थरथरू द्यायचा का?"

ईश्वरी वैतागली. कापूस घेऊन, समजुतीच्या गोष्टी सांगून, शेवटी रडूनही बघितलं तिनं. हे ढिम्म. ती म्हणाली, मामी, तुम्हीच काहीतरी करा, तुम्ही जन्मभर मुलं वळवलीत. मी म्हणाले, पोरी, मुलं वळतात. हा घोडा झालेला आहे.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकऱ्या थापताना मला सासरे आठवले.

हे न्याहारी करून रानात निघाले होते. मी म्हणाले, "जरा थांबा. लसूण सोलून द्या. माझे गुडघे दुखताहेत."

"लसूण? मी?"

"का, बोटं आहेत की तुम्हाला."

बसले बिचारे. मी पाट कुठं मांडला होता ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडायला बसवलं, तिसऱ्या दिवशी चिंचा. रानातलं काम गड्यांवर सोपवलं. ताम्हनातले थेंब आता मीच सोडत होते. हे सोलत बसायचे, पाकळी हातातून निसटायची, पुन्हा धरायचे. चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी शेंगा फोडता फोडता हे म्हणाले, "बाई, स्वयंपाकघरात वारा फार सुटतो हल्ली."

मी पोळी उलटली. वळून बघितलं नाही.

"वाऱ्यानं आलेला चालतो ना तुमच्यात?" मी विचारलं. "मामंजीच म्हणाले होते. आपण होऊन घ्यायचा नाही एवढंच."

बराच वेळ शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला.

"वारा कुठनं येतो ते माणसानं विचारू नये," हे म्हणाले. "अजून काय सोलायचंय ते आण."

फाल्गुन सरला. त्या दीड महिन्यात आमच्या घरात इतका लसूण सोलला गेला, की मी गावभर वाटला. कौतिकबाईसुद्धा पुन्हा बोलायला लागली. ईश्वरी दर आठवड्याला येऊन ह्यांना पट्टी लावायची आणि चेहरा कोरा ठेवून निघून जायची. मी विचारायची नाही. आता मला कळून घ्यायचं होतं, पण यंत्राकडून नाही.

चैत्रात आम्ही तिघं जोतिबाच्या डोंगरावर गेलो. जुडी ह्यांनी स्वतः कापली होती, भल्या पहाटे, दव असताना. वाटेत ईश्वरीच्या विजेच्या गाडीत ती ह्यांच्या मांडीवर होती, ओल्या फडक्यात, आणि हे मान वळवून खिडकीतून बाहेर बघत होते. डोंगर गुलालानं माखला होता. चांगभलंच्या गजरात जुडी देवाच्या पायाशी गेली आणि गुरवानं त्यातल्याच काही काड्या ह्यांच्या ओंजळीत प्रसाद म्हणून परत दिल्या.

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. हे काड्या हातात धरून बसले, आणि कितीतरी वेळ नाकाशी नेईनात. मला समजलं. नाकाशी नेला आणि वास आलाच नाही तर? इतके दिवस बंदी होती तोवर आशा होती.

"मामा, डोळे मिटा," ईश्वरी म्हणाली. तिनं एक काडी चुरगळून आपल्या मनगटावर घासली, माझ्या मनगटावर घासली आणि शेजारी नारळ विकायला बसलेल्या बाईच्या. ती बाई म्हणाली, काय खेळ लावलाय गं, पण तिनं हात दिला.

पहिलं मनगट ईश्वरीचं. हे वाकले. कपाळाला आठी पडली. "काहीतरी आहे," हे म्हणाले. "लांब आहे. काकडी चिरल्यासारखं."

ईश्वरीनं ओठ दाबून धरले आणि त्यांचं डोकं नारळवालीच्या हाताकडे वळवलं. "चहा," हे म्हणाले. "आमच्या आईसारखा." नारळवाली हसायला लागली.

मग माझं. ह्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेत माझा हात दोन्ही हातांत धरला. ह्यांची बोटं अजून थरथरत होती, पण तो विडी वळणारा अंगठा थांबलेला होता. हे वाकले आणि वाकलेलेच राहिले. आजूबाजूनं माणसं चढत होती, उतरत होती, गुलाल उडत होता. मला ह्यांच्या डोक्याचा वास येत होता, खोबरेल आणि घाम आणि गुलाल, आणि त्यावरून ओला तंबाखू. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"अंजीर," हे म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढं काही दिसेना.

"पण फुटलेलं नाही आता," हे म्हणाले. "सुकं झालंय. सुक्याला जास्त गोडी असते."

ईश्वरी यंत्र घेऊन पायरीवर बसून रडत होती, ते तिनं उघडलंही नव्हतं. ह्यांनी माझा हात सोडला नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. वय झालं की कातडीचं तेलकट कमी होतं, जिवाणू बदलतात, मग दवणोनाचे तुकडे वेगळे पडतात, हे सगळं मला ठाऊक होतं आणि सांगताही आलं असतं.

ह्या वेळी मी कारण विचारलं नाही.